बादलीतला समुद्र

हांबुर्गहून आलेलं चोपडं, बावीस पानांचं,
हेरिंगच्या टोपलीतून आलेलं,
म्हणून पहिल्या पानालाच मासळीचा वास.
मी मोठ्याने वाचत गेले, बाबा ऐकत राहिले.
त्यांचे डोळे बर्फाच्या लखलखाटाने कधीच नेले होते.

प्रोफेसर वेसरमान लिहितात:
खारं पाणी गोठत नाही.
बर्फ म्हणजे नद्यांनी समुद्राला दिलेलं उसनं गोडं पाणी,
भित्रं, किनारा धरून राहणारं.
ती भिंत एकदा ओलांडा,
पलीकडे समुद्र मोकळा,
सहा महिने न मावळणाऱ्या उन्हात ऊबदार,
आणि त्यातून चीनला जाणारी वाट
भांगासारखी सरळ.

पुरावा?
खलाशी बर्फ वितळवून चहा करतात, तो खारट लागत नाही.
आणखी पुरावा?
काळ्या मानेचे कलहंस. आमच्याच फ्योर बेटावरून
मे महिन्यात उत्तरेला उडतात.
पाणीच नसतं तर कशाला गेले असते?

बाबा हसले नाहीत.
म्हणाले, "बादली आण."

जानेवारी. भरतीचं पाणी. रात्रभर विहिरीपाशी.
सकाळी वर दोन बोटं बर्फ.
बाबांनी बुक्कीने फोडला,
एक तुकडा स्वतःच्या जिभेवर, एक माझ्या.
अळणी. जवळजवळ अळणीच.
मग खाली उरलेल्या पाण्यात माझं बोट बुडवलं:
घसा जाळणारं, मिठाचंही मीठ.
"गोठताना समुद्र मीठ बाहेर टाकतो,
जव पाखडताना कोंडा टाकावा तसं.
तुझ्या प्रोफेसरने बर्फ चाखला, केइके,
बादली नाही चाखली."

नाहमेन दारात उभा होता.
बाविसाव्या वर्षी बादलीचं कोण ऐकतं?

फेब्रुवारीत टेकडीवर पेंढ्या पेटवल्या,
जहाजांना निरोप द्यायला.
ते चोपडं त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात
मीच शिवलं, मेणकापडात गुंडाळून, सात टाके.
"तुला रेशीम आणतो," तो म्हणाला,
"आणि बाबा, तुम्हाला?"
"बातमी," बाबा म्हणाले.

जहाजाचं नाव 'तीन बहिणी'.
शेवटचं पाहिलं ते एका डच माणसाने,
स्पिट्सबर्गेनच्या वर, ऐंशी अंशांच्याही पुढे.
धुकं जरा फाटलं, बर्फाच्या भिंतीत काळी चीर दिसली,
सगळी शिडं उभारून ते तिच्यात शिरले.
चीर मिटली का, ते त्याने पाहिलं नाही.
त्याचा देवमासा ओढायचा राहिला होता.

हा चौथा हिवाळा.

आता आमच्या घरात वाद उलटा झालाय.
बाबा म्हणतात, प्रवाह असतो गं, खालून वर जाणारा, कोमट.
म्हणतात, त्या किनाऱ्यावर मी लाकडं पाहिलीत वाहून आलेली,
अख्खे ओंडके, आणि तिथे झाड म्हणून नाही.
पाणी कुठून तरी मोकळं असल्याशिवाय?
म्हणतात, कलहंस सप्टेंबरात पिलं घेऊन परततात,
पिलं काय बर्फावर उबतात?
जपमाळ ओढावी तसे पुरावे ओढतात, रोज, त्याच क्रमाने.
मी जव निवडते. मान हलवते,
मग आठवतं, त्यांना दिसत नाही,
आणि तोंडाने "हो" म्हणते.

बादलीचं नाव कोणी काढत नाही.

पण कडाक्याची रात्र पडली की ती भरून बाहेर ठेवलेली असते,
आणि सगळं निजल्यावर मी उठते,
हेरिंग खारवायला ठेवलेल्या मिठातलं
मूठभर तिच्यात टाकून येते.

काल गेले.
चांदण्यात तळ दिसत होता,
आणि तळाशी आधीच मीठ, विरघळायचं राहिलेलं, पांढरं.
ताज्या बर्फावर दारापासून विहिरीपर्यंत
पावलं,
आणि प्रत्येक पावलाशेजारी
काठीचं एकेक भोक.